वहिनी, तुमच्या टँकरचा पंखा

वहिनी,

तुमचं तेरावं होऊन आज आठ दिवस झाले. मीनू डोंबिवलीला परत गेली. जाताना तिने तुमचं कपाट बंद केलं, किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "काका, आईबद्दल चार ओळी लिहा ना. तुम्हाला जमतं." चार ओळी म्हणजे जन्म कुठला, माहेर कुठलं, लग्न कधी झालं, असं काहीतरी तिच्या मनात असणार. ते मी लिहिणार नाही. ज्यांना ते ठाऊक असायला हवं, त्यांना ठाऊक आहे. मला टँकरच्या रेडिएटरच्या पंख्याबद्दल लिहायचं आहे. त्याच्यावरून आपल्या घरात जे झालं, ते तुमच्याशी बोलायला मला चार वर्षं पुरली नाहीत.

दादा गेला तेव्हा त्याच्यामागे लालबागच्या चाळीतल्या या दोन खोल्या, मीनू आणि एक पाण्याचा टँकर राहिला होता. टँकर विकून टाका, असं सगळ्यांनी तुम्हाला सांगितलं, आणि सगळ्यांच्या आधी मी सांगितलं. मी आयटीआयमध्ये तीस वर्षं मुलांना लेथ शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो. शेजारच्या खोलीत एकटा राहायचो, जेवायला तुमच्याकडे असायचो, आणि सल्ला देण्याचा मला अधिकार आहे असं मला वाटायचं. "पाण्याचा धंदा बायकांचा नाही, वहिनी," असं मी म्हटल्याचं आठवतं. तुम्ही माझ्यापुढे चहा ठेवलात आणि म्हणालात, "भावजी, पाणी भरायचं काम तर आम्हीच करत आलोय."

त्यानंतर महिनाभर तुम्ही रोज सकाळी केबिनमध्ये दत्ताच्या शेजारी जाऊन बसलात. दत्ता दादाच्या वेळचा ड्रायव्हर, कणकवलीकडचा, कमी बोलणारा. वरळीच्या विहिरीवर टँकर कसा भरतात, परळच्या कुठल्या इमारतीची टाकी किती आत आहे, बीडीडी चाळींत गाडी कुठल्या बाजूने वळते, हे सगळं तुम्ही त्याच्याकडून शिकून घेतलंत. महिना संपल्यावर तुम्ही केबिनमधून उतरलात आणि फोन हातात घेतलात. पुढे धंदा तुम्ही फोनवर आणि दत्ताने रस्त्यावर चालवला. मी मधूनमधून सल्ला देत राहिलो.

गाडी तापायला लागली ती चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात. इमारतीखाली टँकर उभा करायचा, इंजिन चालू ठेवायचं आणि इंजिनाच्या जोरावर पंप लावून पाणी वर चढवायचं, असं ते काम. रेडिएटरचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरायचा. इंजिन हळू, म्हणून पंखाही हळू. आणि गाडी उभी, म्हणून समोरून वारा नाही. पाऊण टाकी भरली की तापमानाचा काटा लालकडे सरकायचा. दत्ता इंजिन बंद करून बाजूला बसायचा आणि वरून गॅलऱ्यांतून लोक ओरडायचे. एकदा एक आजोबा म्हणाले होते, "मागे टँकरभर पाणी, आणि गाडीच तहानलेली!" हे तुम्ही घरी येऊन हसत सांगितलं होतंत.

मग हिंदमाताला पंखाच तुटला. पंखा ज्यावर बसतो त्या इंजिनाच्या वॉटर पंपाचं बेअरिंग गेलं होतं, पंखा डुगडुगत होता, आणि एक पातं निखळून सरळ रेडिएटरमध्ये घुसलं. साड्यांच्या दुकानांतून बायका बाहेर येऊन वाफ बघत होत्या. तुम्ही टॅक्सीने पोचलात, घरातल्याच चपलांवर, आणि दत्ता गाडी कडेला घेत असताना तुम्ही हात दाखवून मागची वाहनं थांबवलीत. संध्याकाळी तुम्ही मला विचारलंत, "भावजी, तुम्ही एवढी वर्षं मुलांना शिकवलंत. मला सांगा, उभ्या गाडीला वारा कसा द्यायचा?"

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मला कुणी असा प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, "इलेक्ट्रिक पंखा बसवू. तो बॅटरीवर चालतो. इंजिन हळू असो की जोरात, त्याचा वेग तोच."

दुसऱ्या दिवशी आपण दोघं ऑपेरा हाऊसजवळच्या ऑटो पार्ट्सच्या गल्लीत गेलो. तो दिवस मला अगदी तपशिलाने आठवतो. काउंटरमागे एक वयस्कर दुकानदार होते, चष्मा कपाळावर. त्यांनी विचारलं, "बारा व्होल्ट की चोवीस?" मी लगेच म्हटलं, "ट्रक आहे, चोवीस." मग ते म्हणाले, "रेडिएटर केवढा?" मी दोन्ही हात हवेत धरून अंदाज दाखवायला लागलो. तुम्ही पर्समधून एक सुतळी काढलीत. तिला तीन गाठी होत्या. "ही रुंदी, ही उंची," तुम्ही म्हणालात, "आणि रेडिएटर आणि इंजिन यांच्यामध्ये एवढीच जागा आहे. पंख्याची मोटर त्यात मावली पाहिजे ना?"

दुकानदारांनी चष्मा खाली ओढला आणि सुतळी काउंटरवर ताणून मोजपट्टी लावली. त्या मधल्या जागेचा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता. आपण तिथे पाहिलेले निम्मे पंखे त्या तिसऱ्या गाठीमुळेच बाद झाले.

"ताई, इंच मत देखो, हवा देखो," दुकानदार तुम्हाला सांगत होते. माझ्याशी बोलणं त्यांनी जवळजवळ थांबवलं होतं. "तेवढ्याच इंचाचा एक पंखा हवा ओढतो, दुसरा नुसता फिरतो. और करंट भी देखो. सुरू होताना केवढा घेतो, तुमचा अल्टरनेटर तेवढा देतो का?" मग त्यांनी विचारलं, पंखा मागून हवा ओढणारा हवा की पुढून ढकलणारा? इथे मात्र मला बोलायला जागा मिळाली. गाडी धावते तेव्हा वारा समोरून आत येतो, म्हणून पंख्यानेही हवा त्याच दिशेला न्यायची, रेडिएटरच्या मागे बसून इंजिनाकडे ओढायची. उलट फिरला तर पंखा आणि वारा एकमेकांशी भांडतील. हे मी तुम्हाला, दुकानदारांना आणि शेजारी उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकालाही समजावून सांगितलं. चांगलं दहा मिनिटं सांगितलं.

"बरोबर," दुकानदार म्हणाले. "बसवल्यावर समोरच्या जाळीपुढे एक कागद धरायचा. चिकटला तर ठीक. उडाला तर तारांची अदलाबदल करायची."

आपला वाद झाला तो एक की दोन यावरून. मला एक मोठा, अठरा इंची पंखा हवा होता. तुमचं म्हणणं, बारा बाराचे दोन घेऊ. मी म्हटलं, मोठ्या पंख्याला भोवती नीट पत्रा लावला तर तो हवा जास्त चांगली ओढतो, वायरिंग कमी, जोड कमी. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "एक बंद पडला तर दुसरा चालू राहील, एवढंच माझं म्हणणं." मी म्हटलं, "नवीन पंखा बंद कशाला पडेल?" तुम्ही म्हणालात, "घर एकाच माणसावर चालत असलं की काय होतं, ते मी बघितलंय, भावजी." त्यावर मी पुन्हा हवेचं गणित सांगितलं. शेवटी तुम्ही म्हणालात, "बरं. यातलं तुम्ही जाणता." आपण अठरा इंची घेतला आणि गिरगावात शिरून पियूष प्यायलो. खोकं आपल्या दोघांमध्ये तिसऱ्या खुर्चीवर ठेवलं होतं. तुम्ही खूश होतात. मीही होतो. दादा गेल्यानंतर आपण दोघं पहिल्यांदाच कुठे बाहेर बसलो होतो.

घरी आल्यावर दत्ताने एवढंच मागितलं की केबिनमध्ये एक स्विच द्या, गरज पडली तर मी हाताने पंखा चालू करीन. मी नाही म्हटलं. तापमान वाढलं की पंखा आपोआप सुरू होईल अशी सोय होती, आणि ड्रायव्हरच्या हातात स्विच दिला की तो विसरतो, असं मी त्याच्यासमोरच म्हणालो. तो बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला.

पंखा बसवायला इलेक्ट्रिशियन अन्वर सोमवारी येणार होता. मी रविवारीच बसवला. मला थांबवेना. चाळीखाली पोरंटोरं जमली होती, वरच्या मजल्यावरून लोक बघत होते, आणि मी बऱ्याच दिवसांनी हातात पाना धरला होता. पंख्याच्या तारा आखूड पडल्या म्हणून मी त्या वाढवल्या. माझ्याकडे करड्या रंगाची वायर उरली होती, दोन्ही तारांना तीच जोडली. कुठली कुठे गेली, हे पुढच्या टोकाला पोचेपर्यंत माझ्या लक्षात राहिलं नाही. इंजिन चालू केलं, काटा चढला, पंखा घरघरत सुरू झाला, काटा थांबला. वरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

तुम्ही गॅलरीतून वाकून विचारलंत, "भावजी, कागद धरून बघितलात ना?"

मी म्हटलं, "हो."

बघितला नव्हता. विसरलो होतो, आणि तुमच्या प्रश्नाने आठवण झाल्यावर एवढ्या लोकांसमोर कागद मागवायचं जिवावर आलं. यापेक्षा मोठं कारण शोधायचा मी खूप प्रयत्न केला. सापडलं नाही.

तीन दिवसांनी दत्ताचा फोन आला. "काका, ह्यां काय बरोबर नाय. गाडी धावताना तापता आणि उभी केली की उतारता." मी म्हटलं, तू उलट सांगतोयस. धावत्या गाडीला वारा जास्त मिळतो, ती धावताना तापणारच नाही. तुझी क्लचवर पाय ठेवायची सवय सोड. तो म्हणाला, मी थांबतो आणि थोडी थंड होऊ देतो. मी म्हटलं, "थांबू नकोस. चालवत राहा. वारा लागला की काटा उतरेल."

भरलेला टँकर घेऊन तो परळच्या पुलावर चढला आणि तिथे इंजिन गेलं. हेड गॅस्केट फुटलं होतं, हेड वाकलं होतं. गाडी तीन आठवडे उभी राहिली.

त्या संध्याकाळी दत्ता आपल्या घरात दाराशी उभा होता. मी कॉटवर बसलो होतो. तुम्ही विचारलंत, "काटा लालमध्ये गेला होता, तरी चालवलीस?" तो म्हणाला, "मी काटो बघी होतंय, बाईनू. काकांनीच सांगल्यानी, थांबू नको म्हणान." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, "मी असं कशाला सांगेन? त्याने बघितलंच नसणार."

मग दत्ताला म्हणालात, "उद्यापासून येऊ नकोस." तो चपला घालून जिना उतरला. बारा वर्षं गाडी चालवलेला माणूस होता तो. जिन्यावर त्याच्या पायांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आला.

आठवड्याभराने अन्वर वायरिंग तपासायला आला. तेव्हा मी एकटाच खाली होतो. त्याने बॅटरीची तार लावून पंखा फिरवला, समोर हात धरला आणि म्हणाला, "साहब, ये तो उल्टा घूम रहा है." मला तेव्हा सगळं एकदम समजलं. गाडी उभी असताना उलटा पंखाही थोडीफार हवा खेळवत होता, म्हणून चाललं. धावताना तो समोरून येणारा वारा बाहेर ढकलत होता. दत्ताने फोनवर मला नेमकं हेच सांगितलं होतं आणि त्याच कारणाने मी त्याला खोटं ठरवलं होतं. अन्वरने विचारलं, "बाई को बोलूँ?" मी म्हटलं, "नको. तारा बदल फक्त." त्याने दोन मिनिटांत बदलल्या. मग खिशातून एक कागद काढून जाळीपुढे धरला. तो चिकटला. त्याने माझ्याकडे न बघता सामान गोळा केलं.

तुम्हाला सांगायचं मी ठरवलं होतं, वहिनी. दोनदा तर जेवताना तोंड उघडलं होतं. पण नवा ड्रायव्हर आला, गाडी नीट चालायला लागली, उभी राहूनही तापेना. आणि तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागलात, "आमच्या भावजींनी पंखा बसवला. आता कितीही वेळ पंप लावा." हे तुम्ही मनापासून सांगायचात. विहिरीवरचे दुसरे टँकरवाले माझ्याकडे विचारायला यायला लागले, की काका, आमच्या गाडीला कुठला बसेल? मी त्यांना सांगायचो, रेडिएटर मोजून या, मधली जागा मोजून या. तुमची सुतळीची युक्ती मी माझी म्हणून चार जणांना शिकवली.

पुढच्याच वर्षी त्या पंख्याची मोटर जळली. बीडीडी चाळींत, पंप चालू असताना. तुम्ही मला न विचारता ऑपेरा हाऊसला गेलात आणि बारा इंची दोन पंखे घेऊन आलात. अन्वरकडून बसवून घेतलेत, आणि केबिनमध्ये एक स्विचही. गाडी चाळीच्या दारात आल्यावर मला कळलं. मी रागावलो. मी म्हटलं, "मला विचारायचं तरी." तुम्ही म्हणालात, "तुमचा पंखा वाईट नव्हता, भावजी. एकटा होता." मग तुम्ही वहीचं एक पान फाडून जाळीपुढे धरलंत. ते फटकन चिकटलं. तुम्ही ते काढून पुन्हा धरलंत, आणि या वेळी कागदाकडे न बघता माझ्याकडे बघितलंत. नजर रागाची नव्हती. तुम्ही वाट बघत होतात, असं आता मला वाटतं. मी म्हटलं, "हं, ठीक आहे," आणि जिना चढून वर आलो. आठ दिवस मी माझ्याच खोलीत काहीबाही करून जेवलो. नवव्या दिवशी तुम्ही भरलेल्या बांगड्याची वाटी आणून माझ्या टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "पंख्यावरचा राग माशावर काढू नका."

पंखा उलटा होता हे तुम्हाला अन्वरने सांगितलं, की तुम्हीच ओळखलंत, ते मला अजून माहीत नाही. त्यालाही मी विचारलेलं नाही.

परळच्या हॉस्पिटलमध्ये तुम्ही तीन आठवडे होतात. त्या तीन आठवड्यांत तुम्ही टँकरबद्दल फार बोलला नाहीत. मीनूबद्दल बोललात, तिच्या घराच्या ओट्याबद्दल बोललात. पण एका संध्याकाळी विचारलंत, "दत्ताला निरोप दिलात?" मी विहिरीवरच्या लोकांकडून दिला होता. "येईल?" मी म्हटलं, "येईल." दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा विचारलंत. तिसऱ्या संध्याकाळी विचारलं नाहीत, पण दार वाजलं की मान वळवत होतात. दत्ता आला नाही. तो माझ्यामुळे येत नसेल, मी तिथे बसलेला असतो म्हणून, असं मला वाटलं. म्हणून मी एक दिवस दुपारभर खाली कँटीनमध्ये जाऊन बसलो. तरी तो आला नाही.

तेराव्याला टँकरवाले आले होते. गॅलरीत पंगत बसली. त्यातला एक जण पानावरून उठताना सहज म्हणाला, "दत्ता आला नाही. बाईंवर राग आहे त्याचा." मी म्हटलं, "बाईंवर?" तो म्हणाला, "हो. तुमच्यावर पण आहे, काका. पण बाईंवर जास्त."

हे मला समजेना. म्हणून दुसऱ्या दिवशी मी वरळी कोळीवाड्यात गेलो. दत्ता आता तिथे मासळीचा टेंपो चालवतो. गल्लीच्या तोंडाशी टेंपो धूत होता. केस पांढरे झाले आहेत. मला बघून त्याने पाण्याचा पाइप बंद केला नाही. मी तिथेच, ओल्या जमिनीवर उभा राहून त्याला सगळं सांगितलं. करडी वायर, कागद, फोनवर मी काय म्हणालो होतो ते, अन्वर, तारा. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

त्याने पाइप बंद केला. म्हणाला, "बाई इलेले माझ्याकडे. दोन वर्षां झाली. म्हणाले, दत्ता, चूक आमच्या घरची होती, तू परत ये. मी इचारलंय, ह्यां तुमका तेव्हाच म्हायत होतां? बाई गप रवले. मगे मी काय समजाचां?"

त्याने समजायचं ते समजलं होतं. घरची अब्रू राखायला बाईंनी जाणूनबुजून आपल्याला काढलं, असं त्याला वाटलं. माझं नाव घेतलं असतंत तर तो प्रश्न एका वाक्यात मिटला असता. तुम्ही घेतलं नाहीत.

"तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं," मी म्हटलं. "मी लपवलं होतं. नंतर कधीतरी त्यांना कळलं."

"मगे गप कित्याक रवले?"

"माझ्यासाठी."

तो टेंपोच्या पायरीवर बसला. त्याने मला माफ वगैरे केलं नाही, आणि ते मी मागितलंही नव्हतं. तो बोलायला लागला तेव्हा आवाज चढला होता. इंजिन जाळलेला ड्रायव्हर म्हणून त्याला विहिरीवरच्या एकानेही टँकर दिला नव्हता. वर्षभर तो गावाला जाऊन बसला होता. हॉस्पिटलचा निरोप त्याला पोचला होता. दोनदा तो फाटकापर्यंत येऊन परत गेला होता.

"माका एकट्याक सांगान काय उपयोग?" तो म्हणाला. "विहिरीर येवा. थंय सगळ्यांनी आयकलेलां, दत्तान इंजिन जाळल्यान म्हणान. थंयच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेलो. सात टँकर रांगेत होते. ड्रायव्हर, मालक, पाइप धरणारे, सगळे मिळून पंधराएक माणसं असतील. त्यांतले निम्मे मला "काका, कुठला पंखा" म्हणून विचारायला आलेले. पंपाचा आवाज होता, म्हणून मला मोठ्याने बोलावं लागलं. मी शिक्षक होतो, आवाज चढवायची सवय आहे, पण त्या दिवशी तो मधेच चिरकला. मी म्हटलं, शालनवहिनींच्या टँकरचं इंजिन दत्ताने जाळलं नाही. पंखा मी उलटा जोडला होता. त्याने मला फोन केला होता आणि मीच त्याला थांबू नकोस म्हणून सांगितलं होतं. मग मी खोटं बोललो.

एक जण हसला. एक म्हणाला, "चार वर्षांनी आठवलं का?" एका म्हाताऱ्या मालकाने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि पाइप कुणीतरी बघा, पाणी वाहतंय, म्हणून ओरडला. दत्ता रस्त्याच्या पलीकडे टेंपोत बसून ऐकत होता. माझं बोलून झाल्यावर त्याने टेंपो चालू केला आणि निघून गेला. मला हाक मारली नाही. मी चालत वरळी नाक्यापर्यंत आलो आणि बसथांब्यावर बसून राहिलो. हलकं वगैरे वाटलं नाही. लाज वाटत होती, ती अजून वाटते. पण ती माझी आहे, आणि ती इतके दिवस दत्ता वागवत होता.

आज सकाळी साडेनऊच्या सुमारास दार वाजलं. दत्ता होता. इस्त्रीचा शर्ट, केस ओले, हातात झेंडूचा छोटा हार, कागदात गुंडाळलेला. "मीनूताई आसा?" त्याने विचारलं. मी म्हटलं, गेली ती डोंबिवलीला. तो आत आला. तुमचा फोटो कपाटावर आहे, मीनूच्या लग्नातला, ज्यात तुम्ही कुणालातरी काहीतरी सांगायला वळल्या आहात आणि तोंड अर्धं उघडं आहे. दुसरा चांगला सापडला नाही.

त्याने हार घातला, तो एका बाजूला लोंबायला लागला म्हणून नीट केला. मग तो तुमच्यासमोर उभा राहिला, हात न जोडता, तुमच्याकडून उद्याचे पत्ते ऐकून घेताना उभा राहायचा तसा.

"बाईनू," तो म्हणाला, "माका म्हायत नव्हतां."

मी चहा ठेवतो म्हणून आत गेलो, आणि चहा झाल्यावरही बराच वेळ आतच थांबलो.